पुस्तकातली मुलं कुणाची

१५ जून ८४, वाशी
शाळा सुरू. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. सहावीचं मराठी यंदा माझ्याकडे नाही. "कांबळेबाई, पालक उच्चारांचं बोलतात हो. तुम्ही वाचनालय बघा." हो म्हटलं. बीड सोडून इतकी वर्षं झाली, जीभ अजून तिकडचीच निघाली.

२ जुलै
वाचनालयात वाचनाचा तास. हिरा म्हात्रे उभी राहिली. गावठाणातली, बाप मिठागरावर. वाचते छान. गोष्टीत कामवाली सखू येते, 'हाय-नाय' करत बोलते आणि घरातली मुलं तिची नक्कल करतात. हिराने सखूचं वाक्य वाचलं तसा वर्ग हसला. ती थांबली. पुढे वाच म्हटलं, तर खाली बसली. "बाय, ही माजे आयेवानी बोलते." एवढंच. मग तास संपेपर्यंत मान वर नाही.

१९ जुलै
कपाटातली गोष्टींची पुस्तकं थोडी थोडी घरी आणतेय. मूल कुणाचं, राहतं कुठे, बाप काय करतो, कोण कसं बोलतं. कागदावर रकाने आखलेत. हे बाजारातल्या कचेरीतून आले, त्यांना वाटलं पेपर तपासतेय. सांगितलं.
"मोजून काय होणार, विमल?"
मी पुढचा रकाना भरला. चहा मात्र त्यांनीच केला.

११ ऑगस्ट
संपलं कपाट. बंगला, बाग, मामाचा गाव, डॉक्टर बाबा. कोळी आला तो लोभी. मुसलमान आला तो अत्तर विकून निघून गेला. मुली आहेत, पण धाडसाला निघताना त्यांना घरी ठेवतात. आमच्यातलं पोर शोधत होते. नाव घेऊन कुणी सांगत नाही, पण एक सापडलं. फाटके कपडे, गावाबाहेरचं घर. शेवटच्या पानावर त्याला नायकाचा जुना सदरा मिळतो. गोष्ट संपली.
लहानपणी मीही हीच वाचली असणार. तेव्हा स्वतःला त्या बंगल्यातच धरत होते. कसं काय...

१४ ऑगस्ट
मोठ्या बाईंना कागद दाखवले. नवी पुस्तकं घेताना एवढं बघावं, म्हणून. त्यांनी चष्मा काढला. "लहान मुलांच्या पुस्तकात जात कशाला आणता?"
"मी नाही आणली. आडनावं छापलेलीच आहेत."
चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "ऑर्डर गेलीसुद्धा."

९ सप्टें.
गिरगाव. आमच्या कपाटातली निम्मीअधिक पुस्तकं ज्यांची, ते प्रकाशक. म्हातारे, सज्जन. कागद शेवटपर्यंत वाचले. "खरं आहे. पण अशी गोष्ट लिहून आणतं कोण? तुम्हीच आणा. छापतो." परतताना बस खाडीपुलावर येईतो निम्मी गोष्ट मनात जुळली होती. हिराला विचारायचं.

२० ऑक्टो.
सुट्टी. हिरा रोज दुपारी येते. ती सांगते, मी लिहिते. मीठ कसं धरतं विचारलं, तर म्हणाली, "आदी पान्यावर साय येते, बाय. दुदावानी." तसंच्या तसं लिहिलं. एक शब्द बदलला नाही.
"माजाच नाव ठेवनार?"
"तुझंच."
पेन्सिल घेऊन समासात स्वतःच मिठाचे ढीग काढत बसली.

१७ जाने. ८५
प्रकाशकांकडे पाठवलेली गोष्ट छपाईसाठी बदलून तपासायला आली. हिरा आता नायिका नाही. पुण्याची मीनल सुट्टीत काकांकडे येते. हिरा तिला मिठागर दाखवते, तिची पिशवी धरते. बोली फक्त हिराच्या आईच्या तोंडी, तीही हसवण्यापुरती. सोबत चिठ्ठी: वाचणाऱ्या मुलांना ओळखीचं कुणी बरोबर लागतं.
कुणाच्या ओळखीचं?
जेवले नाही.

२६ जाने.
झेंडावंदन आटोपून तशीच गिरगावात. प्रकाशकांना म्हटलं, असं नको. त्यांना वाईट वाटलं. "मग खपणार कसं, ते सांगा." ते खोटं बोलत नव्हते, तोच त्रास. हस्तलिखित मागून घेतलं. ते दारापर्यंत सोडायला आले.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "छापून तरी आलं असतं." रात्री मलाही तसंच वाटलं.

४ मार्च
हिरा बरेच दिवस शाळेत नाही. आज गावात तिच्या घरी गेले. मिठागराची जागा सरकारने घेतली. बाप महाप्याला एका कारखान्यावर वॉचमन, आई हिला घेऊन बाजारात कांदे निवडायला जाते. हिराचे हात कांद्याच्या धुळीने मातकट. शाळेत पाठवा म्हटलं.
आई म्हणाली, "शिकून तुमच्यासारकी बाय होल का ती? खरा सांगा."
मला आता मराठीही शिकवू देत नाहीत, हे तिला काय सांगू. पाठवा, एवढंच परत म्हटलं.
गोष्टीचे कागद हिराच्या हातात दिले.
"छापलेला नाय?"
"नाही गं."
तिने पानं उलटून पाहिली. "मागची बाजू कोरी हाय. धाकट्याला गनिताला होल." आवाजात राग नव्हता. मधलं एक पान ओढून फ्रॉकच्या खिशात घातलं आणि बाकी गठ्ठा फळीवर ठेवला. कुठलं पान, दिसलं नाही. विचारलंही नाही.