वन्संच्या बोटांखालची अक्षरं

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने नक्षीदार अक्षरं काढणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर व बँकेतली ठेव माझ्या मुलीची. वरच्या खोलीत मात्र माझ्या नणंदेने हयातभर राहावं. मुलीची ना नाही. आत्याची खाट तिनेच खिडकीपाशी लावली.

२. छापखान्याच्या मालकाने मी केलेल्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या अक्षरांचे वेल जागा वाचवायला छाटले होते. त्या मुखपृष्ठाचं मूळ चित्र त्यालाच द्यावं. समोरच्या भिंतीवर लावून रोज बघ म्हणावं.

३. नणंद शाळेत भाषा शिकवत. लग्नानंतर माझं काम पाहून म्हणाल्या, "वहिनी, हे वाचायचं की यातली फुलं तोडायची?" ते मी कित्येक वर्षं मनात धरून होते. पुढे त्यांची दृष्टी गेली, वाचन सुटलं, बोलणंही आटलं. एका दुपारी मी दवाखान्याची लाकडी पाटी कोरत होते. त्यांनी उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हा 'द' ना? पण पानं मधेच येतात हो."

मला राग आला. तरी पानं तासली. त्यांनी अख्खी पाटी वाचली, मग पुन्हा वाचली, आणि माझा हात धरून बसल्या.

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून बोटांनी वाचायची अक्षरं करतो. मी सगळीच नक्षी तासून टाकायला निघाले, तर त्यांनीच अडवलं. "वेलांटीचं पान राहू द्या. त्यावरूनच तर ती कळते." इतक्या वर्षांत माझ्या नक्षीचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं.

४. ही अक्षरं व कोरण्या मुलीकडे राहाव्यात. उतारवयात दृष्टी गेलेल्या कोणालाही या अक्षरांची नक्कल सुताराकडून करून घेऊ द्यावी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक संच आताच मागितला आहे.

५. नणंदेला यात वाटा असल्याने वकील त्यांना साक्षीदार होऊ देत नाहीत. त्या रुसल्या आहेत. आत्ताच विचारत होत्या, "अजून काय लिहिताय एवढं?"

"तेच, मृत्युपत्र."

"ते आटपा लवकर. 'ज्ञ' अजून बोटाला नीट लागत नाही."

म्हणून इथेच थांबते. 'ज्ञ' करायला घ्यायचा आहे.

ठिकाण: वरची खोली. सोमवार, दिनांक सात.

सही: लिहून ठेवणारी

आमच्यासमक्ष सही झाली:
१. शेजारचे पुस्तकबांधणीवाले (सही)
२. कोपऱ्यावरच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई (सही)