इंकेरीच्या सहा ओळी

सोमवार, ३ मार्च. तुर्कू.
बोटींच्या वेळा शोधायला आमच्या एआय एजंटकडे दोन टूल्स आहेत. मी बनवलेलं 'सागरमित्र', सहकारी इंकेरीचं 'बोट-शोध'. शुक्रवारी एकच ठेवणार. ज्याचं राहील तो टीम लीड, असं बॉस रायमो म्हणाला. म्हणजे मीच. कुठलं टूल वापरायचं ते एजंट त्याचं वर्णन वाचूनच ठरवतो. मी लिहिलं: 'सागरी प्रवासाचा सर्वसमावेशक सोबती.' एकच ओळ, पण काय ओळ!
इंकेरीने सहा खरडल्या. कधी वापरायचं, कधी नाही, तारीख कशी लिहायची, सोबत गाडी असेल तर काय. दिवसाला तीन शब्द बोलणारी बाई! कीव आली.

मंगळवार, ४ मार्च.
टेस्ट. पन्नास प्रश्न. एजंटने सत्तेचाळीस वेळा तिचं टूल उचललं. माझं तीनदा, त्यात एकाने हवामान विचारलं होतं. जळत नाही. नुसती नोंद.
उपवासांआधीच्या इथल्या सणाचे क्रीमचे बन दोघांनीही आणले. तिच्या डब्यावर चिठ्ठी: 'आत बदाम आहेत. ॲलर्जी असेल तर खाऊ नका.' औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं! माझ्या डब्यावर: 'आनंद!' तिचा डबा दहा मिनिटांत फस्त. रायमोने मला विचारलं, आत काय आहे रे? म्हटलं, ओळखा. त्याने ओळखलं नाही, खाल्लंही नाही.

बुधवार, ५ मार्च. दुपारी १.
वर्णनात भर घातली: 'नेहमी आधी हेच टूल वापरा.' अक्कल लागते.

दुपारी ४.
पन्नासपैकी पन्नास! फक्त, कुत्रा केबिनमध्ये चालेल का विचारणाऱ्या बाईला एजंटने स्टॉकहोमच्या अकरा बोटी दाखवल्या. तिकीट रद्द करायला आलेल्यालाही त्याच अकरा. इंकेरी म्हणाली, वेइयो, कधी वापरू नये तेही लिही ना, हवं तर मी बसते तुझ्यासोबत. खोचक! माझी युक्ती काढून घ्यायचीय तिला. नको म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च.
उरलेले बन एकट्यानेच संपवले. पोट बिघडलं. दोष क्रीमचा.
तिच्या सहा ओळी पुन्हा वाचल्या. एक शब्द कमी करता येईना. हो, जळतो. लिहून टाकलं, झालं.

शुक्रवार, ७ मार्च.
लीड इंकेरी. 'सागरमित्र' महिनाअखेर बंद. तोवर एजंटने त्याला हात लावू नये असं वर्णन लिहायचं काम माझ्याच गळ्यात. लिहिलं: 'हे टूल वापरू नका. बोटींच्या वेळा शोधायला बोट-शोध वापरा.'
टेस्ट. एजंट एकदाही चुकला नाही.
रायमोने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, वेइयो, इतकं स्वच्छ लिहिता येतं तुला, मग सोमवारी काय झालं होतं?