माननीय ह. कुं.

पुणे, ९ जानेवारी १९८४

ती. सौ. वैजयंतीवहिनीस,
नंदिनीचा सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. दादाच्या सोसायटीच्या फायली आणि तुमच्या भगिनी मंडळाची बाडं एकाच पिशवीत बघून आमचे देवस्थळी सर हरखून गेले. ते विद्यापीठातल्या आमच्या जुन्या कागदांच्या विभागाचे प्रमुख. नवी वस्ती उभी राहताना माणसांनी काय काय लिहून ठेवलं, ते जमवायचं त्यांना वेड आहे. दादाच्या फायली अगदी दादासारख्याच, कडक इस्त्रीच्या. तुमच्या इतिवृत्तात मात्र मधेच अळूवडीची कृती! सर म्हणाले की तीसुद्धा जपायची.

आता तुझं काम. तळमजल्यावरची खोली सोसायटी ऑफिससाठी काढून घेणार आणि तुमची बालवाडी बंद पडणार, हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्यातून अध्यक्ष आपला दादाच! मंडळ पहिल्यापासून खरोखरीचं काम करत आलंय, असं विद्यापीठाचं पत्र तू मागितलंस. सरांनी मसुदा केलासुद्धा. फक्त एका नावाशी गाडी अडलीय.

हे ह. कुं. कोण गं? पानोपानी तेच. नळाचं ह. कुं. च्या वेळी सर्वानुमते ठरलं. बसथांब्याचा विषय ह. कुं. साठी राखून ठेवला. ह. कुं. शिवाय निर्णय नाही. सरांनी त्यांचं वेगळं कार्ड केलंय, 'मंडळाचे संस्थापक व मार्गदर्शक' म्हणून. मी हरिभाऊ कुंटे असतील असं ठोकून दिलंय. मार्चमधल्या प्रदर्शनात त्यांना शाल-श्रीफळ द्यायचं घाटतंय. पूर्ण नाव आणि पत्ता लगेच कळव.

लोभ आहेच, सोबत तिळाच्या वड्या आल्या तर तो आणखी वाढेल.

तुझी नणंद,
नंदिनी


वाशी, १८ जानेवारी १९८४

चि. नंदिनीस,
अ. उ. आ.

अगं वेडे, हळदीकुंकू! ह. कुं. म्हणजे हळदीकुंकू! तुझं पत्र मी शेजारच्या मेहरुनला वाचून दाखवलं, तर ती हसता हसता पलंगावरून खाली आली. हरिभाऊ कुंट्यांना शाल म्हणे.

आता मूळ हकिकत ऐक. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा नळाला पाणी नव्हतं, दवाखाना नव्हता, आणि होता तो नुसता वारा. आम्ही बायकांनी जिन्यात 'सभा' असा कागद लावला. सभेला चार बायका आणि अकरा नवरे! तुझे दादा खुर्ची घेऊन मधोमध बसले आणि सभा कशी चालवावी यावरच बोलत राहिले. पुढच्या खेपेला मी कागदावर 'ह. कुं.' लिहिलं. एक पुरुष फिरकला नाही.

पण त्या पहिल्याच ह. कुं. ला मेहरुन म्हणाली की तिला कुंकू चालत नाही. शिरवणे गावच्या यशोदाबाई, आता आपली बालवाडी सांभाळतात त्या, म्हणाल्या की मालक गेल्यापासून त्यांना कोनी बोलवीत नाय. मग मी करंडा कपाटात ठेवला, चहा टाकला आणि आम्ही पाण्याच्या विषयाला लागलो. तेव्हापासून दर महिन्याला ह. कुं. आषाढात झालं, पितृपक्षातही झालं. पितृपक्षात कसलं हळदीकुंकू, अशी शंका एकाही नवऱ्याला आली नाही. बायकांचं काहीतरी चाललंय म्हणून सगळे निर्धास्त.

आणि आता तेच अंगाशी आलंय. कमिटीचं म्हणणं, मंडळ नुसती हळदीकुंकवं करतं, त्याला खोली कशाला, संक्रांतीला गच्ची देऊ. हे बोलणारे तुझे दादाच, आणि माझ्या हातची भाजी खाता खाता.

खरं सांगते, दोन दिवस मी तुला उत्तर टाकलंच नाही. वाटलं, राहू दे हरिभाऊ कुंटे. मार्गदर्शक म्हणून एक पुरुष निघाला तर कमिटी मुकाट्याने खोली देईल. बालवाडीतली पोरं डोळ्यांसमोर येत होती. पण मेहरुन म्हणाली की एवढी वर्षं आपण राबलो आणि शाल कुंटेंना? मला ते फार लागलं. तेव्हा सरांना खरं काय ते सांग. पत्र खरं असेल तरच पाठव. खोली गेली तर गेली, मी रडून घेईन.

वड्या पाठवल्या आहेत. सरांना दे, म्हणजे रागावणार नाहीत. आहेस तशीच आमच्यावर जीव लावून राहा.

तुझी,
वैजयंतीवहिनी


पुणे, २६ जानेवारी १९८४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सरांना सांगितलं. आधी त्यांचे कान लाल झाले. मग ते इतके हसले की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. हसू आवरल्यावर म्हणाले की आमची सौभाग्यवतीसुद्धा पितृपक्षात ह. कुं. ला जाते, आज घरी जाऊन चौकशी केली पाहिजे.

कुंटे यांचं कार्ड रद्द. नवं पत्र सोबत आहे. सरांनी तुमची बाडं आणि दादाच्या फायली शेजारी शेजारी ठेवून ते स्वतः लिहिलंय. त्यात दादाला जरा झोंबेल असं काही आहे. पण खरं असेल तरच पाठव, असं तूच म्हणालीस! शाल एकच आणली होती, ती आता कोणाकोणाला पुरवायची या चिंतेत सर आहेत.

मायेत कमी करू नकोस, निकाल लागला की आधी मला कळव.

तुझी,
नंदिनी


वाशी, १३ फेब्रुवारी १९८४

चि. नंदिनीस,
दादाचे अ. आ. वि. वि.

निकाल मी कळवावा असा तुझ्या वहिनीचा हुकूम आहे, म्हणून लिहितो.

काल सर्वसाधारण सभा झाली. विद्यापीठाचं पत्र अध्यक्ष या नात्याने मीच मोठ्याने वाचून दाखवलं. आधी वाचून बघायला हवं होतं. नळाच्या ज्या अर्जाची मी पाच वर्षं फुशारकी मारली, तो माझ्या सहीच्या आधीच्या महिन्यात ह. कुं. मध्ये मंजूर झाला होता, मजकुरासकट. बसथांब्याचं तेच. बालवाडीचं तेच. मला वाटे मी लिहितो. प्रत्यक्षात जेवताना ही सांगायची आणि मी उतरवून घ्यायचो. तिथवर वाचलं आणि मी कागद खाली ठेवला. तेव्हा तो उचलून पुढचं पत्र हिने वाचलं. आधी हशा झाला, मग टाळ्या. मला लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला. दोन्ही लिहून ठेवतो. खोली मंडळाकडेच राहिली, एकमताने.

आज त्याच खोलीत ह. कुं. होतं. मला बोलावणं होतं! गुलाबपाणी मिळालं, मेहरुनने खजूर दिला, वाण म्हणून कंगवा मिळाला. मला केस किती उरलेत ते तुला ठाऊक आहे. मग बालवाडी दुपारीही चालवायचा ठराव आला आणि मी सवयीने हात वर केला. यशोदाबाई म्हणाल्या की भावजी, तुमचा हात मोजाचा नाय, तुमी पावनं हाव.

मी हात खाली घेतला नाही. त्यांनी मोजला नाही. ठराव मंजूर झाला.

आम्हां उभयतांवर माया ठेव, आणि हे पत्र तुझ्या सरांना जपायला देऊ नकोस.

तुझा,
दादा