फिटरची सही

रवि., ८ नोव्हें. ९८
साहेबांचं हौसेचं छोटं विमान आज पडलं. म्हणजे उतरलं, पण भलतीकडंच. मी धावपट्टीवर उभा होतो. शहागडच्या बाजूला गेलं अन् आवाजच बंद झाला. मोटरसायकल काढून पळालो. साहेब कापसात बसलेले. एक चाक मोडलेलं, हाताला खरचटलेलं. हवाई दलात वीस वर्षं काढलेला माणूस, म्हणून बंद इंजिनावर खाली आणलं. दुसरा कुणी असता तर...


मंगळ., १०
कारखान्यातून सुटल्यावर इंजिन उघडलं. पेट्रोलची नळी उन्हानं कडक होऊन चिरली. इंजिनानं हवा ओढली.
ही नळी मागच्या रविवारीच विमान तपासताना हाताला कडक लागल्ती. महिनाभर जाईल वाटलं. साखर कारखान्यात चालतं असं. मशीन बंद पडली तर जमिनीवरच असती. नळी मला आधीच कडक लागल्ती, हे कुणालाच म्हाईत न्हाई.

बुध., ११
साहेबांना सांगून टाकलं. उद्यापासून येऊ नको म्हणतील, हे धरूनच गेल्तो. चहा ढवळला अन् म्हणाले, "खरात, तपासणीची एक वही कर. तुझी सही नसेल त्या दिवशी मी उडणार नाही."
घरी बायकोला सांगितलं. लता म्हणे, तुमची सही म्हणजे कोंबडीचे पाय. आधी नीट करायला शिका. पानभर गिरवली.

सोम., २५ जाने. ९९
उद्या झेंडावंदनाला शाळेच्या मैदानावर विमानातून फुलं टाकायची. साहेब खुश. पाहुणे मुंबईचे. चाक अन् नळी नवी बसवलेली. आज सगळं तपासलं, बराबर आहे. सकाळी परत बघणार.

मंगळ., २६
सकाळी शेपटीचं सुकाणू ओढणाऱ्या तारेवरून फडकं फिरवलं, ते अटकलं. दोन बारीक धागे तुटलेले. काल कसे दिसले न्हाईत?
साहेब म्हणाले, "दहा मिनिटांचं उड्डाण आहे. लोक उन्हात उभे आहेत."
मी म्हणालो, "साहेब, मी सही करत न्हाई."
पेन माझ्याच खिशात होता. त्यांनी वही मिटली अन् गाडीत बसले. मलाही बसवलं. मैदानात माईक हातात घेऊन बोलले, "माझा फिटर नाही म्हणतो, म्हणून विमान येणार नाही." काही लोक हसले. पाहुण्यांचं तोंड उतरलं. फुलं पोरींनी शाळेच्या गच्चीवरून टाकली.
मी मागं भिंतीला टेकून उभा. माझ्या न्हाई म्हणण्याला एवढी किंमत आजवर कुणी दिली न्हवती. हे बघायला दादा, म्हणजे माझे वडील, जिवंत पाहिजे होते.

शनि., ६ फेब्रु.
पुण्याहून शेपटीची नवी तार आली. बसवली, ओढून बघितली, तीनदा. साहेब म्हणाले, उद्या सात वाजता चाचणी, मागच्या सीटवर तू बस. हो म्हणून बसलो. आजवर कारखान्याच्या टाकीपेक्षा वर गेलो न्हाई.
लताला अजून सांगितलं न्हाई.