मी वधूपिता कसा झालो

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या धाकट्या भाच्याचा, इतक्या लांबून वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार.

गुडघा काय म्हणतो? (जिना उतरताना गुडघा बोलतो आणि चढताना तू बोलतेस, असं आतोबा फोनवर सांगत होते. त्यांना ऐकू येतंय हे वाचून आनंद वाटून घे.) मी इकडे खुशाल आहे. ‘परक्यांच्या घरात राहतोस, खाल्लेलं अंगाला लागतं का?’ असं तू विचारलं होतंस. अंगाला लागतंच, शिवाय अंगावर जबाबदारीही पडली आहे. मागच्या शनिवारी मी एका मुलीचं लग्न लावून दिलं. मुलगी माझीच. आता चष्मा पुसून पुन्हा वाचू नकोस, बरोबर वाचलंस.

मी राहतो ते घर तुला आधी सांगायला हवं. घरमालकीण शहरातली बस चालवतात, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बसवाल्या बाई म्हणतो. त्यांचे जोडीदार लोकांच्या घरी जाऊन पियानो सुरात लावून देतात, ते सूरकाका. आणि सूरकाकांची आई, ती आजी. बाई एका देशातल्या, काका-आजी दुसऱ्या, आणि हे घर तिसऱ्याच देशात. बाई आणि काका एकमेकांशी इथल्या भाषेत बोलतात, पण भांडण रंगलं की दोघंही आपापल्या भाषेत शिरतात (मग ते लवकर मिटतं, कारण आपला अपमान झाला की नाही हे कुणालाच नक्की कळत नाही). स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ज्याने जो डबा भरला त्याच्या लिपीत नाव. आल्या आल्या मी हौसेने सगळ्यांना चहा करून पाजला आणि त्यात साखर समजून कपड्यांची खळ घातली. माणसं इतकी भली, की नव्या माणसाचा मान राखून सगळा चहा प्यायली. काकांनी कप उचलला तर बशीही वर आली, तरी कुणी चकार शब्द काढला नाही.

आजींना स्वतःची सोडून कुठलीच भाषा येत नाही. सुरुवातीला मी खाणाखुणा करायचो, त्यात माझा हात दोनदा फुलदाणीला लागला, तेव्हा सरळ मराठीत बोलायला लागलो. त्या त्यांच्या भाषेत बोलतात, मी ‘हो ना आजी’, ‘अगदी खरं’, ‘कलियुग आहे’ असं म्हणत मान हलवतो. आमचं छान जमतं. गेल्या महिन्यात एका दुपारी बटाटे सोलता सोलता आजी बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मधेच त्यांचे डोळे भरून आले. शेवटी त्यांनी माझा हात धरून काहीतरी विचारलं. रडणाऱ्या म्हातारीला नाही म्हणायचं असे संस्कार तुम्ही माझ्यावर केलेले नाहीत. मी म्हटलं, ‘हो आजी, नक्की.’ त्यांनी सोललेल्या बटाट्यासकट माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आतून आजोबांचा काळा कोट आणून मला चढवला. आजोबा चांगले आडवे असावेत. त्या कोटात मी आणि अजून एक मी आरामात मावलो असतो. थंडीची सोय झाली म्हणून मी खुशीत तो घालून कॉलेजातही जाऊन आलो.

संध्याकाळी काकांनी कोटाकडे पाहिलं आणि मला मिठीच मारली. मग खुलासा झाला. बाई आणि काका इतकी वर्षं एकत्र राहतात, पण लग्न केलेलं नव्हतं. काकांनी विचारलं की बाईंना सुट्टी मिळत नसे. खरं कारण वेगळं होतं. परक्या भाषेच्या माणसाबरोबर राहते म्हणून बाईंच्या माहेरच्यांनी फोन उचलणं सोडलं होतं. यंदा त्या एकदाच्या तयार झाल्या, तर आजी अडून बसल्या. त्यांचं म्हणणं, आम्ही मायलेक एकीकडे, आणि ती पोर पलीकडे एकटी उभी राहणार? ते मी बघणार नाही, तिच्या बाजूने कुणीतरी हवंच. म्हणून त्यांनी मला विचारलं, बाप म्हणून उभा राहशील का? आणि मी ‘नक्की’ म्हणालो होतो.

आत्या, माझं वय चोवीस. बाई पन्नाशीच्या. मी घाबरून दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बसमध्ये चढलो, पुढे जाऊन उभा राहिलो आणि चालकाशी बोलू नये या पाटीखालीच सांगितलं, की गैरसमज झाला, मी आजींना नाही म्हणून सांगतो.

‘सांग,’ बाई आरशात बघत म्हणाल्या. ‘मला कुणी बाप-बीप नकोय.’

शेवटच्या थांब्यावर, डेपोत, सगळे उतरले. त्यांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, ‘तुमच्याकडे मुलीचा बाप लग्नात करतो तरी काय?’

मी आठवून पाहिलं. म्हटलं, ‘सगळ्यांना जेवलात का विचारत फिरतो. आणि शेवटी रडतो.’

त्या हसायला लागल्या. हसता हसताच स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागल्या, तर खालचा भोंगा दाबला गेला आणि अख्खा डेपो गोळा झाला. लोकांना वाटलं मीच काहीतरी केलं. त्या गर्दीकडे बघून बाई डोळे पुसत म्हणाल्या, ‘हा माझा बाप आहे, त्याला काही बोलू नका.’ झालं! यानंतर माघार कशी घेणार?

लग्न कचेरीत होतं. बाईंकडून बसचे सगळे चालक गणवेशात, आणि सगळ्यांपुढे मी, कोटाच्या बाह्या चार वेळा दुमडून. लग्न नोंदवणाऱ्या साहेबांनी ‘वधूकडून कोण?’ विचारताच मी उभा राहिलो. इथल्या भाषेत छान भाषण पाठ केलं होतं, ते साफ उडालं. आणि तोंडातून मराठीच आलं. मी आजींकडे वळून म्हणालो, ‘मुलगी जरा फटकळ आहे, पण मनाने फार चांगली. लाडाकोडात वाढली नाही. आता तुमच्या पदरात घातली, सांभाळून घ्या.’ आणि आत्या, खोटं नाही सांगत, माझा आवाज फुटला. आजी उठल्या, त्यांच्या भाषेत लांबलचक काहीतरी बोलल्या आणि बाईंना जवळ घेतलं. त्यातलं अवाक्षर मला कळलं नाही, पण मुलगी चांगल्या घरी पडली हे कळलं. काका रडत होते, चालक नाक शिंकरत होते, साहेबांनी खिडकी उघडली. नंतर मी प्रत्येकाला ‘जेवलात का?’ विचारत फिरलो. साहेबांना दोनदा विचारलं.

तब्येतीची काळजी घे. आतोबांना नमस्कार.

तुझा,
लग्नाआधीच व्याही झालेला
भाचा

ता. क. परवा बाईंनी विचारलं, तुमच्याकडे लग्न झालं की मुलगी पुढे काय करते? मी बोलता बोलता माहेरपणाचं सांगितलं. चार दिवस कुणी काम सांगत नाही, उशिरापर्यंत झोपता येतं, वगैरे. त्यांनी कॅलेंडर काढून सुट्ट्या मोजायला घेतल्या. आता मी पडलो त्यांच्याच माडीवर भाड्याने राहणारा बाप, मी कुठलं माहेर देणार? म्हणून तुझा पत्ता दिला. विमानाची तिकिटं काढली आहेत. पुढच्या महिन्यात येतील.

ता. ता. क. आजीही येतील. सुनेच्या माहेरपणाला सासू जात नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण काका म्हणाले, आई लहानपणी गाव सोडून निघाली ती पुन्हा परत गेलीच नाही. तेव्हा दोघींनाही काम सांगू नकोस. साखरेचा डबा मात्र दाखवून ठेव.

शेवटचं. आईला यातलं काही माहीत नाही, तूच सांग. पण एकदम नको. आधी नुसतं म्हण, की तुला नात झाली आहे. तिला आनंद होऊ दे. नात तिच्यापेक्षा थोडी मोठी आहे आणि बस चालवते, हे दुसऱ्या दिवशी सांग.