वर म्हणजे काय वर?

औसा, ३ डिसेंबर
सकाळी उठून सगळ्यांची विचारपूस केली. बायकोला म्हटलं, शांतम्मा, गुडघे कसे हायत? हायत तसेच, म्हणाली. सूनबाई, कंबर? दीपमाला म्हणाली, मामा, त्या ट्रॉलीचं हँडल फिरवून फिरवून गेली की. शेजारच्या ईश्वरप्पाची शुगर? विचारू नका, म्हणाला. माझी कुणी विचारली नाही. उत्तम आहे.

ठरलं. सूनबाईच्या धपाट्याच्या ट्रॉलीला, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या टपरीला, पुढं दोन लोखंडी पाय आहेत. थांबलं की हँडल मारून टेकवायचे, निघताना उचलायचे. आता हँडल बंद. बटण! वायरचा रिमोट मी बनवणार. नऊ तारखेला लोह्याच्या जत्रेत तिचा पहिला स्टॉल. दुपारी बाराच्या आत पोचलं नाही तर जागा दुसऱ्याला जाते. भरपूर वेळ आहे.

५ डिसेंबर
भंगारातून जीपच्या वायपरच्या मोटरी आणल्या. साबणाच्या डबीत बेलची दोन बटणं बसवली. 'वर' आणि 'खाली', झकास अक्षरात. डावा पाय जोडला. 'वर' दाबलं, पाय वर गेला. लई समाधान. पाठ भरून आली म्हणून उजवा नंतर.

जुनी हँडलं ग्राइंडरनं कापून टाकली. शांतम्मा म्हणाली, असू द्या की. नवी सोय आल्यावर जुनी ठेवली की माणूस आळशी होतो, हे तिला कोण सांगणार?

७ डिसेंबर
काल लग्नाचं जेवण, काम बंद. आज उजवा पाय जोडला. 'वर' दाबलं, पायानं ट्रॉली अलगद वर उचलली. वा!

शांतम्मानं फाटा फोडला: वर म्हणजे काय वर? पाय वर का ट्रॉली वर? म्हटलं, वर म्हणजे वर. तुझं माहेर भालकीचं, तुला मराठी जड जातं.

दोन्ही पाय एकदम चालवून बघायचे राहिले. मोटरींना उगाच त्रास कशाला?

९ डिसेंबर, सकाळी ८
ट्रॉलीत बसून लिहून राहिलो. वायर जरा आखूड पडली, म्हणून आत उभं राहून 'वर' दाबलं. डावा पाय वर गेला. उजव्यानं ट्रॉली वर उचलली. ट्रॉली डावीकडं कलली, दार घराच्या भिंतीला जाऊन टेकलं. मोटरींतून धूर. दार उघडेना. किरकोळ आहे.

८.३०
गिऱ्हाइकाच्या खिडकीतून निघून बघितलं. शांतम्मा म्हणाली, पोट आत घ्या. घेतलंच होतं.
ईश्वरप्पा म्हणाला, हँडल आणा. सगळे माझ्याकडं बघून राहिले.

९.००
दीपमाला रडकुंडीला आली. तवा, शेगडी, पीठ, सगळं माझ्यासोबत आत. एकेक खिडकीतून दिलं. ईश्वरप्पाच्या टेम्पोत भरलं. म्हटलं, व्हा पुढं, मी पाच मिनिटांत ट्रॉली घेऊन आलोच. कुणी हसलं नाही. म्हणजे विश्वास आहे.

दुपारी ३
अजून आतच. शांतम्मानं खिडकीतून भाकरी दिली. विचारलं, आणिक काही वर देऊ का? बाईचा आवाज फार गोड होता.

दीपमालाचा फोन आला. जागा मिळाली. चटई टाकली, लोक मांडी घालून खाऊन राहिलेत, पीठ संपत आलं. म्हणाली, मामा, ट्रॉलीची गरजच न्हाई बघा. तिच्यात आता कोंबड्या ठेवू.

तिला मेसेज टाकला: फार आनंद झाला. कोंबड्यांना माझी हरकत नाही. फक्त त्याआधी येताना एक वेल्डर घेऊन ये. कधी निघतेस ते लवकर लिही.