बेलाच्या बुडाला समुद्राचं खत

नांदूरघाट, सोमवार, १९ ऑगस्ट १९९६

सुटलो एकदाचा! कोकणातल्या समुद्री शेवाळाचं खत दुकानात ठेवलं, तेव्हापासून अण्णा माझ्यावर रुसलेले. डबा उघडला की मासळीसारखा वास. "गळ्यात लिंग, अन् दुकानात मासळी?" हे गिऱ्हाइकासमोरच! शेवाळ म्हणजे वनस्पतीच, किती वेळा सांगायचं? आज तर डबे परत पाठवायचं ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी परसात तोच वास. जाऊन बघतो तर अण्णा बेलाच्या बुडाला पाण्यात कालवलेलं खत घालतायत. कधीपासून चाललंय हे? पिवळा पडलेला बेल नव्या पानांनी भरलाय. आज श्रावणी सोमवारच्या पूजेलाही हीच पानं होती!

"अण्णा, अन् वास?"

"महादेवाला चालतंय. तुला काहून खुपतंय बे?"